स्लॉटचा फॉलबॅक: फुकट मिळतो, पण रिकाम्या डब्याला फसतो

ब्राउझरमधे तयारच मिळणाऱ्या स्लॉट टॅगचा आणि त्याच्या फॉलबॅकचा हा रिव्ह्यू आहे, म्हणजे लायब्ररीचा नाही आणि पैसे मोजून घ्यायच्या वस्तूचा तर नाहीच, पण गेली चार वर्षं रोज हाताखालून जाणारी गोष्ट आहे तर लिहायला काय हरकत आहे. रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते वाचत गेलात की कळेल.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण वेबपानासाठी एखादं कार्ड किंवा पेटी असा कंपोनंट (परत परत वापरायचा तुकडा) बनवतो, दहा ठिकाणी वापरायचा म्हणून, आणि त्यात एक जागा मोकळी सोडतो की बाबा इथे तुझं काय असेल ते टाक. ती जागा म्हणजे स्लॉट. समोरच्याने काहीच टाकलं नाही तर काय दिसावं ते स्लॉटच्या उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या टॅगच्या मधे लिहून ठेवायचं, तोच फॉलबॅक. त्यासाठी जावास्क्रिप्टची वेगळी ओळ नाही, इफ-एल्स नाही, काही नाही. लिहिलं की चालतं. पहिल्यांदा वापरलं तेव्हा खरंच वाटलं की एवढं सोपं असताना आपण इतकी वर्षं कशाला डोकं फोडत होतो.

सपोर्टची रड आता राहिली नाही. क्रोम ५३ आणि सफारी १० मधे २०१६ लाच आलं, फायरफॉक्सने ६३ मधे म्हणजे २०१८ ला दिलं आणि एज क्रोमियमवर गेल्यावर ७९ पासून, जानेवारी २०२० मधे. त्याआधी क्रोममधे शॅडो डॉमची (कंपोनंटच्या आतला, बाकी पानापासून वेगळा ठेवलेला भाग) जुनी आवृत्ती होती, तिच्यात स्लॉटऐवजी कंटेंट नावाचा टॅग असायचा, तो नंतर काढून टाकला. कुठल्या जुन्या लेखात तो दिसला तर सरळ पुढे जा.

आता कुठे आपटलो ते. आमची पुण्यातली छोटी टीम आहे, एका पतसंस्थेच्या साइटसाठी (नाव नको) आम्ही कंपोनंटचा एक सेट बनवला होता. त्यात सूचनांची पेटी. स्लॉटमधे सूचना येतील, नसतील तर फॉलबॅक, "सध्या कोणतीही नवीन सूचना नाही." डेमोत सगळ्यांनी बघितलं, माना हलवल्या, साइट लाइव्ह झाली. दोनेक आठवड्यांनी शेवटच्या सूचनेची मुदत संपली आणि सकाळी शाखेतून फोन, "अहो साहेब, ती सूचनेची पेटी कोरीच दिसतेय, सर्व्हर बंद पडलाय का?" मी म्हटलं कोरी कशी दिसेल, तिथे वाक्य यायला पाहिजे. उघडून बघतो तर खरंच, चारी बाजूंनी छान बॉर्डर आणि आत पांढरंफेक. माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित वाक्य येतंय, लाइव्हवर नाही. मग नेहमीचं सगळं झालं, कॅशे उडवला, सीडीएनला शिव्या घातल्या, कोणीतरी म्हणालं फॉन्ट लोड होत नसेल, अकरा वाजल्यापासून तीनच्या चहापर्यंत तिघं जण एका पेटीकडे बघत बसलो होतो.

निघालं काय तर एक एंटर. सर्व्हरवरच्या टेम्पलेटमधे (पान छापायच्या साच्यात) आम्ही पेटीचा टॅग उघडला होता, खालच्या ओळीवर सूचना एकेक करून छापणारा लूप, त्याच्या खाली टॅग बंद. लूपमधे सूचना शून्य, म्हणून लूपमधून काही छापलं गेलं नाही, पण त्याच्या आजूबाजूच्या नव्या ओळी आणि स्पेस मात्र छापल्या गेल्या. आणि ब्राउझरच्या लेखी नुसती स्पेस हासुद्धा मजकूरच. स्लॉटला नाव देता येतं, आमचा बिननावाचा होता. बिननावाच्या स्लॉटमधे कुठलाही टेक्स्ट नोड (मजकुराचा तुकडा) आला, भले त्यात फक्त एक एंटर असो, की स्लॉट म्हणतो मला माल मिळाला, आता फॉलबॅकची गरज नाही. माझ्या डेमोत मी दोन्ही टॅग एकाच ओळीत चिकटून लिहिले होते म्हणून तिथे चाललं. गंमत म्हणजे एचटीएमएलची कॉमेंट टाकली तर ती मोजत नाही, कारण स्लॉटमधे फक्त एलिमेंट (म्हणजे टॅग) आणि टेक्स्ट जातात, पण स्पेस मोजतो. चूक आमचीच होती, हे स्पेसिफिकेशनमधे अगदी सरळ लिहिलेलं आहे. पण वाचतो कोण.

घरी डबा दिलाच नाही तर आपल्याला कळतं, मग बाहेर काहीतरी खातो. डबा दिला पण आत काहीच नाही, तर जेवायच्या सुट्टीत उघडेपर्यंत कळत नाही. स्लॉटचा फॉलबॅक पहिल्या केसला एक नंबर आहे, दुसऱ्या केसला तो डबा उघडूनच बघत नाही. आणि खऱ्या साइटवर दुसरीच केस जास्त येते, कारण टॅग टेम्पलेटमधून येतात आणि टॅगमधला माल डेटाबेसमधून.

नावाच्या स्लॉटला स्पेसचा त्रास नाही, कारण तिथे जायला एलिमेंटवर स्लॉटचं नाव लिहावं लागतं आणि नुसत्या टेक्स्टवर नाव कुठे लिहिणार. पण तिथे वेगळा रिकामा डबा आहे. शीर्षकाच्या स्लॉटसाठी एच-थ्री (शीर्षकाचा टॅग) टाकला, त्यावर नाव लिहिलं, आत डेटाबेसमधून शीर्षक यायचं होतं ते आलंच नाही. झालं, रिकामा एच-थ्री स्लॉटमधे जाऊन बसला, फॉलबॅक गायब. एक स्टार इथेच कापला.

उपाय आहेत, पण मग ती "जावास्क्रिप्टची ओळ लागत नाही" वाली मजा संपते. आम्ही आधी स्लॉटचेंज इव्हेंट ऐकून स्लॉटला कोणते नोड्स मिळाले ते तपासायचो, सगळे नोड ट्रिम करून (कडेच्या स्पेस काढून) रिकामे निघाले की शेजारी लपवून ठेवलेला दुसरा मजकूर दाखवायचो. शेजारी अशासाठी की नोड्स मिळालेले असताना स्लॉटमधला फॉलबॅक तुम्ही कितीही विनवण्या केल्या तरी दिसत नाही. त्यातही एक मेख आहे, स्लॉटचेंज फक्त नोड आले-गेले की वाजतो. आधी आलेल्या एच-थ्रीमधला मजकूर नंतर भरला किंवा पुसला तर हा गप्पच. त्यासाठी म्युटेशन ऑब्झर्व्हर (पानातले बदल टिपणारा) वेगळा बसवा. हल्ली मॅन्युअल असाइनमेंट पण करता येतं, म्हणजे शॅडो रूट बनवतानाच सांगायचं की कुठला नोड कुठल्या स्लॉटमधे जाईल ते मी ठरवणार, मग स्पेसवाला नोड द्यायचाच नाही की खरा फॉलबॅक आपोआप दिसतो. क्रोममधे ८६ पासून आहे, सफारीला १६.४ पर्यंत थांबावं लागलं. चांगलं आहे, पण पेटीत सूचना आली-गेली यावर लक्ष तुम्हालाच ठेवायचंय, म्हणजे ऑब्झर्व्हर काही सुटत नाही. सीएसएसमधे स्लॉटमधे माल आलाय का ते ओळखणारा हॅज-स्लॉटेड नावाचा सिलेक्टर पण आलाय, नव्या ब्राउझरांत. मी उड्या मारत वापरायला गेलो तर त्यालाही एक स्पेस पुरते. रिकामा डबा त्यालाही भरलेलाच वाटतो.

राहिलेला अर्धा स्टार एकात एक कंपोनंट घातले की काय होतं त्यासाठी. आमच्या पेटीत कार्ड होतं आणि कार्डाच्या शीर्षकाला स्वतःचा फॉलबॅक. पेटीने आपला स्लॉट पुढे कार्डाच्या स्लॉटमधे ढकलला. आता बाहेरच्याने शीर्षक दिलं नाही तर तुमची अपेक्षा काय, कार्डाचा फॉलबॅक दिसेल. नाही दिसत. कारण कार्डाच्या दृष्टीने त्याला एक एलिमेंट मिळालाय, तो एलिमेंट स्वतः एक रिकामा स्लॉट आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. मग पेटीच्या स्लॉटमधे तोच फॉलबॅक परत लिहायचा. तीन थर असतील तर सगळ्यात बाहेरच्या थरात. म्हणजे फॉलबॅक आतल्या कंपोनंटचा, आणि कॉपी-पेस्टची हमाली बाहेरच्याची.

स्टाइलबद्दल तक्रार नाही, फक्त माहीत असावं म्हणून. फॉलबॅक शॅडोच्या आत राहतो, तुम्ही दिलेला माल बाहेरच्या पानाचा असतो. त्यामुळे पानाचे क्लास, बूटस्ट्रॅप म्हणा की टेलविंड म्हणा, दिलेल्या मालाला लागतात आणि फॉलबॅकला लागत नाहीत. फॉन्ट आणि रंग वारशाने आत येतात, सीएसएस व्हेरिएबल आत येतात, बाकी काही बाहेरून रंगवायचं असेल तर आतल्या एलिमेंटला पार्ट असं नाव द्यावं लागतं. आमच्या डिझायनरने "सूचना नाही हे वाक्य पुसट कर" एवढंच सांगितलं होतं, ते करायला मला सकाळची वेळ गेली कारण मी पानाच्या सीएसएसमधून करत होतो.

अजून एक, आणि हे गावाकडच्या युजरसाठी महत्त्वाचं. स्क्रिप्ट लोड व्हायच्या आधी कस्टम एलिमेंट (आपण बनवलेला टॅग) म्हणजे ब्राउझरला अनोळखी टॅग. तुम्ही आत टाकलेला मजकूर तेव्हाही साध्या स्वरूपात दिसतो, पण फॉलबॅक तर शॅडोमधे आणि शॅडोच अजून जन्माला आलेला नाही. म्हणजे नेट रडत असताना जिथे "थांबा" किंवा "काही नाही" असं काहीतरी दिसायला हवं नेमकं तिथेच काही नसतं. डिक्लेरेटिव्ह शॅडो डॉमने हे सुटतं, एचटीएमएलमधेच शॅडो पाठवायचा, फॉलबॅक स्क्रिप्टशिवाय दिसतो. फायरफॉक्स १२३ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. आम्ही पतसंस्थेला हेच बसवलं आणि एसटी स्टँडवर उभं राहून एका दांडीच्या नेटवर्कवर उघडून बघितलं, आलं वाक्य.

आता बाकीच्यांशी तुलना, कारण टीममधे भांडण झालंच की मग फ्रेमवर्क (व्ह्यू, रिॲक्ट असे जावास्क्रिप्टचे तयार सांगाडे) का नाही.

व्ह्यू या बाबतीत पहिला नंबर, मनापासून. लिहायची पद्धत जवळजवळ हीच, स्लॉट टॅगच्या मधे फॉलबॅक. पण व्ह्यू ३ डबा उघडून बघतो. टॅगमधे फक्त नवीन ओळ असेल तर टेम्पलेट कंपाइल करतानाच ती उडवतो. आत व्ही-इफ (व्ह्यूची अट) लावून टाकलेली गोष्ट अट खोटी निघाल्यामुळे आली नाही तर मागे फक्त कॉमेंट उरते, ते पाहून फॉलबॅक दाखवतो. स्लॉट पुढे ढकललेला असेल आणि त्यात काही नसेल तरी आतला फॉलबॅक येतो. ज्या गोष्टीसाठी मी वर शेपटासारखे उपाय सांगितले त्या इथे फुकट. फसतो कुठे, तर तुम्ही स्लॉटमधे असा कंपोनंट दिला जो स्वतः काहीच रेंडर करत नाही, म्हणजे पानावर काही काढत नाही. तो काय काढणार आहे हे व्ह्यूला आधी कळत नाही, तो त्याला माल समजतो. तेवढं माफ.

स्वेल्ट ५ मधे स्लॉटऐवजी स्निपेट आलेत, २०२४ मधे. चिल्ड्रन (टॅगच्या आत टाकलेला माल) आलेत का बघायचं, आले तर रेंडर कर, नाहीतर एल्समधे फॉलबॅक. वाचायला स्वच्छ. पण वापरणाऱ्याने टॅगच्या आत इफ लावला आणि अट खोटी निघाली तर चिल्ड्रन "आलेत" असंच धरलं जातं, म्हणजे परत रिकामा डबा.

अँग्युलरवाल्यांची मला दया येते. त्यांच्या एनजी-कंटेंटमधे (त्यांचा स्लॉट) फॉलबॅक लिहायची सोय आवृत्ती १८ ला आली, मे २०२४. अँग्युलर २ आलं २०१६ ला. मधल्या आठ वर्षांत लोक एका डिव्हमधे गुंडाळून सीएसएसचा एम्प्टी सिलेक्टर लावत बसले होते, आणि तो सिलेक्टरही स्पेस असली की काम करत नाही हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे एक जण आधीच्या कंपनीत अँग्युलरवर होता, त्याला ही बातमी सांगितली तर म्हणाला आता काय उपयोग, मी सोडलं ना.

रिॲक्टमधे स्लॉट नाहीच, चिल्ड्रन नावाचा प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेली किंमत). फॉलबॅक म्हणजे साधी जावास्क्रिप्ट, म्हणजे स्वातंत्र्य पूर्ण आणि पायावर धोंडा पाडून घ्यायचंही पूर्ण. दोन उभ्या रेघांचा ऑर लावला तर शून्य आलं की ते खोटं धरून फॉलबॅक दाखवतो. दोन प्रश्नचिन्हं लावली (ती फक्त नल किंवा अनडिफाइंड, म्हणजे "काहीच नाही", यालाच फॉलबॅक देतात) तर शून्य वाचतं, पण आपण सगळे जे अट अँड-अँड कंपोनंट असं लिहितो त्यातून खोटं असताना फॉल्स येतं, फॉल्स म्हणजे नल नव्हे, म्हणून फॉलबॅक येत नाही आणि फॉल्स तर रेंडर होत नाही, जागा कोरी. प्रॉपला डिफॉल्ट किंमत दिली तर ती फक्त अनडिफाइंडला लागते, सर्व्हरने नल पाठवला की हात वर. फंक्शन कंपोनंटचे डिफॉल्टप्रॉप्स तर रिॲक्ट १९ मधे काढूनच टाकले.

शून्यावरून आठवलं, ही गोष्ट सांगायलाच हवी. त्याच पतसंस्थेच्या खातेदारांच्या पानावर शिल्लक दाखवायची होती. आकडा यायला वेळ लागतो म्हणून एकाने फॉलबॅक काय लिहावा, "₹ ०.००". दिसायला छान, लेआउट हलत नाही. टेस्टिंगला आमच्याच ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मावशींना बसवलं होतं, त्यांनी पान उघडलं आणि दोन सेकंदं शिल्लक शून्य बघून म्हणाल्या, "अरे माझे पैसे कुठे गेले?" दोन सेकंदांत आकडा आला, पण त्या दोन सेकंदांत त्यांचा चेहरा जो झाला होता तो बघून आम्ही तो फॉलबॅक तिथल्या तिथे काढला. आता तिथे राखाडी पट्टी असते आणि स्क्रीन रीडरसाठी "शिल्लक आणत आहोत". फॉलबॅक खऱ्या उत्तरासारखा दिसला की तो खोटं बोलतो. नाहीच दिलं, अजून आलं नाही, आणि आणताना बिघडलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्लॉटच्या फॉलबॅकला यातली फक्त पहिली कळते. बाकी दोन तुम्ही बघायच्या. रिॲक्टमधे अजून न आलेल्यासाठी सस्पेन्स आहे २०१८ पासून, बिघडलेल्यासाठी एरर बाउंड्री २०१७ पासून, आणि ती लिहायला अजूनही क्लास कंपोनंट लागतो, नव्या पोरांना तो क्लास दाखवला तर ते पुराणवस्तू संग्रहालयात आल्यासारखं बघतात.

फॉलबॅक मनापासून आवडलेली एक वस्तू सांगतो, रॅडिक्सचा (रिॲक्टची कंपोनंट लायब्ररी) अवतार कंपोनंट, फोटोचा गोल. फोटो येईपर्यंत किंवा आलाच नाही तर फॉलबॅक, आणि त्याला उशिराने दाखवायची मिलिसेकंदं देता येतात, म्हणजे नेट फास्ट असेल तर आद्याक्षरं एक क्षण चमकून जायचा तो घाणेरडा झटका बसत नाही. मी ६०० ठेवतो. पण आद्याक्षरं काढायचं काम आपलं आणि तिथे मराठी नावं अशी काही फजिती करतात की विचारू नका. इंग्रजीतून शिकलेला कोड, नावाचं पहिलं अक्षर घे. श्रीकांतचा "श" आला, क्षितिजाचा "क", ज्ञानेश्वरचा "ज". क्षितिजा आमच्याच टीममधे आहे, तिने स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून विचारलं की मी कधीपासून कमल झाले. मग इंटल सेगमेंटर (ब्राउझरमधलीच सोय) लावला, तो अक्षरांचे गट पाडतो. तरी जुन्या ब्राउझरवर "क्" वेगळा आणि "षि" वेगळा पडायचा, कारण जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडमधे १५.१ ला, २०२३ मधे आला. आता नव्या ब्राउझरांत "क्षि" अख्खं येतं. गोल मात्र लहान असला तर "क्षि"ची वेलांटी वर कापली जाते, त्यासाठी लाइन-हाइट वाढवली, इंग्रजीच्या मापाने गोल बनवले की हे होणारच.

तर घ्यावं का? साधा कंपोनंट असेल, मजकूर हाताने लिहिलेला असेल, वेगवेगळ्या फ्रेमवर्कमधे एकच सेट चालवायचा असेल तर ब्राउझरचाच स्लॉट घ्या, बिनधास्त. पूर्ण ॲप व्ह्यूमधे असेल तर त्याचाच स्लॉट, बाहेरचं काही आणू नका. डेटा टेम्पलेटमधून येणार असेल तर इफ टॅगच्या बाहेर लावा, म्हणजे द्यायचं नसेल तर टॅगच छापू नका, अर्धं दुखणं तिथेच संपतं. आणि फॉलबॅकचं वाक्य लायब्ररीत इंग्रजीत पुरून ठेवू नका, बाहेरून बदलता येऊ द्या, नाहीतर अख्खी साइट मराठीत आणि मधेच एका पेटीत "नो डेटा".

आमच्याकडे आता टेस्टचं एक पान आहे, त्यावर तेच कार्ड सहा वेळा. एक भरलेलं, एक अजिबात काही न दिलेलं, एक रिकाम्या एच-थ्रीचं, एक दुसऱ्या कंपोनंटमधून ढकललेलं, एक मजकूर नंतर पुसलेलं. सहाव्यात फक्त एक स्पेस आहे. ती काढू नका म्हणून वर ठळक कॉमेंट लिहिलीय, तरी मागच्या महिन्यात नव्या आलेल्या पोराने "कोड क्लीनअप" म्हणून ती काढलीच, आणि टेस्ट हिरवी झाली म्हणून वर चहा पाजला सगळ्यांना.